तो वाइन रंगाचा गाऊन कपाटातून काढा

या आठवड्याचं पत्र साताऱ्याहून आलंय. नाव छापू नका असं सांगितल्यामुळे नाव देत नाही. पत्र थोडं आटोपशीर केलंय.

'ताई, मी ५१ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात मुलीबरोबर पुण्याला खरेदीला गेले होते. ती तिचे कपडे बघत होती तेवढ्यात मी सहज एक गाऊन घालून पाहिला. वाइन रंगाचा, पायघोळ, बाह्या कोपरापर्यंत, पण दोन्ही खांदे उघडे. आरशात पाहिलं आणि बराच वेळ ट्रायल रूममधून बाहेरच आले नाही. घेतला. घरी आणून साड्यांच्या खाली ठेवून दिला. डिसेंबरात नाशिकला भाचीच्या लग्नाचं संगीत आहे, तिथे घालावा असं मनात आहे. वहिनीला फोटो दाखवला तर म्हणाली, "या वयात खांदे उघडे टाकून नाचणार का?" तिचंही खरं असेल. माझे दंड जाड आहेत, डाव्या दंडावर देवीचे दोन मोठे वण आहेत, ब्लाउजच्या बाहीमुळे हाताचे दोन रंग झालेत. घरात सासूबाई आहेत. आणि अंग दाखवायची हौस मला कधीच नव्हती. मग त्या गाऊनमध्ये मला एवढं आवडलं काय, हेच कळत नाही. घालू का?'

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटून दुसरा प्रश्न मी आधी घेते. बाकीचे सगळे सुई-कात्रीचे आहेत, ते सुटतात. हा मनातला आहे आणि तो सुटला नाही तर गाऊन कितीही चांगला बसवून दिला तरी तुम्ही संगीताच्या संध्याकाळी साडीच नेसाल.

ठाण्यात ब्लाउज शिवायला लागून मला आता बत्तीस वर्षं झाली. नेहमीच्या ब्लाउजचं माप घेताना बाई हात सैल सोडून उभी असते, लक्ष फोनमध्ये किंवा रस्त्यावर. मी टेप फिरवते आणि वहीत लिहीत जाते: उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा. ऑफ शोल्डर शिवायचा असेल तर यातल्या खांद्याच्या रकान्यात मी आडवी रेघ मारते, कारण त्या कपड्याला खांदाच नसतो. मग टेप खांद्याच्या टोकापासून तीन-चार बोटं खाली धरायची आणि दोन्ही दंडांना आत घेऊन सगळ्या अंगाभोवती फिरवायची. टेप दोन्ही दंडांना टेकली की होतं काय, बाई आपोआप सरळ होते. खांदे मागे जातात, मान लांब होते, पाठीचा बाक निघून जातो. मी काही सांगितलेलं नसतं. ती समोरच्या आरशात बघते, आणि बोलत असेल तर बोलायची थांबते. माझ्या दुकानातली मुलगी आता हे ओळखते, त्या वेळी ती शिलाई मशीनसुद्धा थांबवते.

तुम्ही ट्रायल रूममध्ये अडकून पडलात तो हाच क्षण असणार. वर्षानुवर्षं वह्या तपासताना वाकलेली पाठ, एका खांद्याला पर्स आणि दुसऱ्याला पदर, स्कूटीवर पुढे झुकलेली मान. आणि एकदम समोर स्वतःचे दोन खांदे, एका रेषेत, मोकळे. त्यांच्यावर काहीही लादलेलं नाही. तुम्हाला जे आवडलं त्यात हे मोकळेपण मोठं आहे असं मला वाटतं.

बाकीचं काम ती रेघ करते. खोल गळा उभा उतरतो आणि बघणाऱ्याची नजर खाली नेतो. ऑफ शोल्डरचा काठ आडवा असतो. नजर त्याच्यावर येऊन थांबते आणि तिथून वर चढते: गळ्याखालची दोन हाडं, मान, कानातलं, चेहरा. नीट मोजलं तर आपल्याकडे सर्रास शिवला जातो त्या खोल पाठीच्या ब्लाउजपेक्षा यात कमीच अंग दिसतं. छाती झाकलेली, पोट झाकलेलं, पाठ जवळजवळ झाकलेली. म्हणून तुम्ही अंग दाखवायची हौस नाही म्हणता आणि तरी हा गाऊन आवडतो, यात मला काही विसंगत दिसत नाही. हा कपडा चेहऱ्याचा आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जराशी नाजूक. कापड खांद्यावरून उतरलंय पण पडत नाही, या दोन्हींच्या मध्ये ते थांबलंय. त्या थांबण्यात ओढ आहे, ती नाकारायचं कारण नाही. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १८८४ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात एका बाईचं उभं चित्र लावलं होतं. काळा गाऊन, खांद्यांवर दोन बारीक रत्नजडित पट्ट्या, आणि त्यातली उजवी पट्टी दंडावर घसरलेली. एवढ्यावरून असा गहजब झाला की पुढे त्याने ती पट्टी पुन्हा रंगवून खांद्यावर नेऊन बसवली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हे चित्र आहे ते पट्टी वर असलेलंच. गाऊन तोच, गळा तेवढाच खोल, बाई तीच. कपड्याच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला ही गोष्ट फार खरी वाटते. एक काठ बोटभर खाली आला की कपड्याचा सगळा सूर बदलतो. तुम्ही तो सूर ओळखलात, म्हणजे तुमची नजर चांगली आहे. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता वहिनींचं 'शोभतं का'. वहिनींवर रागावू नका. आपल्या सगळ्यांच्या कानात हा प्रश्न कुणीतरी घालूनच ठेवलेला आहे. पण खांद्यांचा इतिहास थोडा सांगते, कारण तो समजल्यावर माझ्या मनातली भीती बरीच ओसरली होती.

जिच्या काळातली सभ्यता आपण उसनी घेतली ती राणी व्हिक्टोरिया १८४० साली लग्नात उभी राहिली ती खांद्यांवरून उतरलेल्या रुंद गळ्याच्या पोशाखात, वर लेस. तिच्या दरबारात बायकांनी उघडा गळा आणि आखूड बाह्या घालून यायचं हा नियम होता. वयामुळे किंवा तब्येतीमुळे कुणाला बंद गळ्याचं काही घालायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागे. म्हणजे तिथे वय झालेल्या बाईला झाकून घेण्यासाठी अर्ज करावा लागत होता! आणि त्याच काळात आपल्याकडे, इंग्रजांच्या समोर वावरायचं तर अंगावर शिवलेलं काहीतरी हवं, अशी चर्चा चालू होती. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेतले पहिले भारतीय अधिकारी, त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात. तुमच्या साताऱ्यालाही ते न्यायाधीश होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईत पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि त्यावरून ब्लाउज, परकर आणि डाव्या खांद्यावर पदर अशी साडी बंगालमध्ये नेली. त्याआधी तिथल्या घरंदाज बायकाही घरात बहुतेक साडीखाली शिवलेलं काही घालत नसत. जो ब्लाउज आज आपल्याला अनादि काळापासूनचा वाटतो, त्याचं वय एवढंच.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. माझ्या आजीच्या माहेरी एक सोवळ्या आत्याबाई होत्या. नवरा गेल्यावर केस काढलेले, अंगावर लाल आलवण, आणि चोळी घालायची नाही. आजी सांगायची, थंडीत त्या पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून चुलीच्या अगदी जवळ बसत आणि कुणी आलं की आणखी आवळून घेत. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात, खालच्या मानलेल्या नाडार जातीच्या बायकांनी छाती झाकता यावी म्हणून वर्षानुवर्षं मार खाल्ला, तेव्हा कुठे १८५९ साली राजाने त्यांना जॅकेट घालायची मुभा दिली, तीही वरच्या जातींच्या बायकांसारखं नेसायचं नाही या अटीवर. तुमच्या गाऊनच्या गोष्टीत मी हे का आणते? आत्याबाईंचे खांदे उघडे होते ते घराच्या हुकमाने. नाडार बायकांचेही तसेच. राणीच्या दरबारातल्या म्हाताऱ्या बाईचेही नियमानेच. यातल्या एकीलाही कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय हवंय. तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारलंत आणि उत्तर आल्यावर पैसे मोजून गाऊन घेतलात. मला तो प्रसंग फार मोलाचा वाटतो.

आता सुई-कात्री.

पहिली गोष्ट, हा कपडा टिकतो कशावर? नव्वद टक्के लोकांना वाटतं, वरच्या इलॅस्टिकवर. म्हणून इलॅस्टिक आवळतात, मग ते दंडात रुततं, वरचं मांस फुगून दिसतं आणि बाई म्हणते माझे दंड जाड. ऑफ शोल्डर टिकायला हवा कमरेवर. गोव्यातल्या कुणबी बायकांची जुनी साडी आठवा, लाल चौकड्यांची, आखूड, खांद्यावर गाठ मारून पोलक्याशिवाय नेसलेली. चिखलात वाकून भात लावायचं तर कापड कुठेतरी पक्कं धरलेलं हवं, ते काम ती गाठ करायची. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी नव्याने लोकांसमोर आणली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट निरखून पाहिली, आणि मला पहिल्यांदा दिसली ती गाठच. तुमच्या गाऊनमध्ये ती गाठ कमरेला आणायची. तुमच्या टेलरला सांगा, गाऊनच्या आत कमरेच्या शिवणीवर एक न ताणणारी पट्टी बसव, इंचभर रुंदीची, मागे दोन हूक. गाऊन चढवायचा, आधी आतली पट्टी घट्ट लावायची, मग चेन ओढायची. कापडाचा सगळा भार कमरेवर येतो आणि वरचा काठ दंडांवर नुसता टेकून राहतो. बाजूच्या शिवणीत बोन म्हणतात ती लवचिक पट्टी नसेल तर दोन्हीकडे एकेक घालून घ्या, म्हणजे वरचा भाग दुमडून खाली येत नाही. वरच्या काठाच्या आतून सिलिकॉनची रेघ असलेलं इलॅस्टिक मिळतं, ते लावायला सांगा. पण एवढं ढिलं की त्यात तुमची दोन बोटं सहज जावीत.

या सिलिकॉनची एक खोड आहे. कातडी कोरडी असली तरच ते धरतं. नाशिकची डिसेंबरातली हवा कोरडी, आपण खांद्यांना क्रीम चोळून निघणार आणि काठ दर पाच मिनिटांनी सटकणार. क्रीम आदल्या रात्री लावा, भरपूर लावा. त्या संध्याकाळी नको. खोबरेल तर अजिबात नको, गाऊन क्रेपचा असेल तर त्यावर तेलाचा डाग बसला की सहज जात नाही.

दुसरी गोष्ट, हात. ऑफ शोल्डरची खरी अडचण उघड्या खांद्यांची नसतेच, हात वर न होण्याची असते. बाही दंडाला धरलेली, तुम्ही हात उचललात की सगळा काठ वर सरकून खांद्यावर येऊन बसतो, हात खाली घेतला तरी तिथेच राहतो, आणि मग रात्रभर तो खाली ओढत बसायचं. फोटो कितीही चांगला आला तरी, ज्या कपड्याला बाई सारखा हात लावते आहे तो तिच्यावर चांगला दिसत नाही. म्हणून घरी एकदा दार लावून गाऊन घाला आणि लग्नघरातली सगळी कामं करून बघा. वाकून नमस्कार करा, तीन-चार वेळा, कारण तिथे मामा-मावश्या-आजोबा रांगेने बसलेले असणार. हातात ताट धरल्यासारखं करून ओवाळा. भाचीच्या गळ्यात पडल्यासारखे दोन्ही हात पुढे घ्या. टाळ्या वाजवा. नाचायचं असेल तर ती स्टेप करा. जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठा.

काठ वर सरकत असेल तर दोन उपाय. चांगला उपाय म्हणजे काखेत पतंगाच्या आकाराचा जोड घालून घ्यायचा, त्याने बाहीला हात उचलायला जागा मिळते. त्यासाठी शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, आहे का ते आधी बघा. तयार कपड्यांत माया फार कमी सोडतात, पण पायघोळ गाऊन असल्यामुळे खालून दोन इंच कापून तेच कापड जोडाला वापरता येईल. दुसरा उपाय घरचा आहे आणि मी स्वतः तो आयत्या वेळी कितीतरी मुलींना करून दिलाय. दोन लहान सेफ्टी पिना आणि केसांचं एक बारीक रबर घ्यायचं. रबराच्या दोन टोकांत एकेक पिन अडकवायची. एक पिन बाहीच्या वरच्या काठाला पुढच्या बाजूने, आतून. दुसरी तिथेच मागच्या बाजूने. रबर काखेखालून जातं. हात उचलला की रबर ताणलं जातं, हात खाली आला की काठाला परत जागेवर ओढून आणतं. दुसऱ्या हातालाही तसंच. बाहेरून काही दिसत नाही. पिनेचं तोंड कापडाकडे ठेवा, कातडीकडे नको.

आतल्या कपड्यांचं थोडक्यात. पारदर्शक प्लास्टिकचे पट्टे लावू नका. दुकानदार म्हणतो दिसत नाहीत, पण लॉनवरच्या दिव्यांत ते चकाकतात आणि घामाने खांद्याला चिकटतात. बिनपट्ट्याची ब्रा घ्या, मात्र खालचा पट्टा नेहमीपेक्षा घट्ट बसणारा हवा, कारण सगळा आधार तोच देतो. तेही नको असेल तर टेलरकडून गाऊनमध्येच कप शिवून घ्या, कमरेची पट्टी असल्यामुळे ते नीट बसतात.

दंड आणि दोन रंग. या दोन्हींची तुम्ही एवढी काळजी केलीत, पण तुमच्या गाऊनला कोपरापर्यंत बाह्या आहेत हे विसरलात. दंडाचा सगळ्यात भरलेला भाग मधला, तो बाहीच्या आत. साडीच्या ब्लाउजची बाही जिथे संपते आणि रंग बदलतो ती रेघही बाहीच्या आत. उघडा राहतो तो वरचा गोल भाग, जो वर्षभर ब्लाउजच्या आत सावलीत असतो आणि आपल्या अंगावरचा सगळ्यात नितळ भाग असतो. जाड दंडांना स्लीव्हलेसपेक्षा ऑफ शोल्डर कितीतरी जास्त मानवतो. माझ्याकडे याच समजुतीने घाबरून आलेल्या कितीतरी जणी आता सणासुदीला स्वतःहून शिवायला येतात.

देवीचे वण मात्र उघड्या भागात, अगदी काठाच्या आसपास येणार असं दिसतंय. ते नेमके कुठे येतात ते आरशात बघा. काठ बरोबर वणावर येऊ देऊ नका, अर्धा दिसणारा वण डोळ्यांना टोचतो. एक तर काठ बोटभर वर घेऊन पूर्ण झाकून टाका, नाहीतर बोटभर खाली घेऊन पूर्ण दिसू द्या. मला विचाराल तर दिसू द्या. माझ्याही दंडावर आहेत. आपण त्या शेवटच्या मुली, ज्यांना देवी काढायला आलेल्या माणसाने धरून टोचलं. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रुग्ण झाला नाही, १९७७ च्या एप्रिलमध्ये देश देवीमुक्त झाल्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि मग ही लस बंदच झाली. तुमच्या मुलीच्या दंडावर हे वण नाहीत, कारण ते तुमच्या-माझ्या दंडावर आहेत. कन्सीलर चोपडून ते लपवायला गेलात तर वाइन रंगाच्या बाहीला डाग पडेल, त्यापेक्षा राहू द्या.

दागिन्यांत तुम्ही नशीबवान आहात, कारण आपल्या जुन्या पेटीत या गळ्यासाठीच केल्यासारखे दागिने आहेत. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी: गळ्याला बिलगून बसणारे. ठुशी गळ्याशी आवळली की तिच्या खालपासून गाऊनच्या काठापर्यंत मोकळी जागा राहते, आणि सगळं सौंदर्य त्या मोकळ्या जागेत आहे. मोहनमाळ, पोहेहार यांनी ती जागा भरून टाकू नका. ते पैठणीवर घाला. ठुशी घातलीत तर कानात लहान कुड्या किंवा टॉप्स, मोठे झुमके घातलेत तर गळा रिकामा. मंगळसूत्राचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. लांब मंगळसूत्र असेल तर गळ्यात दुसरं काही नको. लहान वाट्यांचं असेल तर तेवढंच पुरे आहे, ते या गळ्यात फार शोभून दिसतं. केस वर बांधा. अंबाडा, सैल, मानेच्या वर. खांद्यांवर केस सोडले तर गाऊनने जे मोकळं केलं ते केसांनी परत झाकलं असं होतं. गजरा माळायचा असेल तर अंबाड्याभोवती, खांद्यावर लोंबणारा नको.

जाता जाता, बऱ्याच जणी साडीवर ऑफ शोल्डर ब्लाउज शिवू का म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी. शिफॉन, जॉर्जेटवर शिवा. पैठणीवर नको, हे माझं ठाम मत आहे. पैठणीचा पदर जरीने जड असतो आणि त्याला टेकायला खांद्यावर ब्लाउज लागतो. उघड्या खांद्यावर तो घसरणार, पिन लावायला कापड नाही, मग पिन दंडावरच्या काठाला लावायची आणि पदराच्या वजनाने डावा काठ कोपराकडे जायचा. खणाचा ऑफ शोल्डर मात्र सुंदर होतो, खण आकार धरून राहतो. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, तेव्हा कापड घ्यायच्या आधी टेलरला विचारा.

थंडीचं विसरू नका. नाशिकच्या लॉनवर डिसेंबरात रात्री नऊनंतर दात वाजतात. एक साधी, एकरंगी शाल न्या. टिकल्या-खड्यांची नको, ती गाऊनच्या धाग्यांत अडकते. जेवताना, बसून गाणी ऐकताना दोन्ही खांद्यांवरून घ्या. नाचायच्या वेळी खुर्चीवर ठेवा.

आणि सासूबाई. त्यांना हा गाऊन आधी दाखवा. परवानगी म्हणून म्हणत नाही. पण पन्नास नातेवाइकांच्या मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा बघावा हे बरं नाही. तिथे कुणी काही बोललं तर त्यांना लगेच बाजू घ्यावी लागेल, आणि न बघितलेल्या गोष्टीची बाजू कुणीच नीट घेऊ शकत नाही. एखाद्या दुपारी, घरात दोघीच असताना घाला, ठुशी घाला, अंबाडा बांधा आणि त्यांच्यासमोर जा. 'कसं दिसतंय?' एवढंच विचारा. त्यांना थोडा वेळ द्या, पहिलं वाक्य मनावर घेऊ नका. आमच्याकडे एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या, मापं होईपर्यंत तोंड फिरवून बसल्या होत्या. ब्लाउज तयार झाल्यावर सून घालून बाहेर आली, तर उठून जवळ गेल्या, तिचा मंगळसूत्राचा दोरा मागून सरळ केला आणि म्हणाल्या, 'मागे जरा वर घे, थंडी वाजेल.' त्यांची संमती तेवढीच होती, आणि सुनेला ती पुरली.

वहिनींना मात्र काही समजावत बसू नका. फोटोत बघून त्या बोलल्या आहेत. फोटोत हँगरवरचा गाऊन दिसतो, तुम्ही दिसत नाही.

एक शक्यता उरते. घरी दोन तास घालून बसल्यावर कदाचित तुम्हाला वाटेल की हे आपलं नाही. तेव्हा तो बिनदिक्कत परत ठेवा. त्याचे पैसे वाया गेले असं समजू नका आणि मुलीला काय वाटेल याचाही विचार करू नका. पण हा निर्णय कमरेची पट्टी आणि काखेचा जोड घातल्यानंतरच घ्या. न बसवलेल्या गाऊनमध्ये कुणालाच आपलं वाटत नाही.

तुमच्या टेलरकडे याच आठवड्यात जा. लग्नसराई लागली की तो पट्टीसारखं बारीक काम हातात घेणार नाही. जाताना ती बिनपट्ट्याची ब्रा आणि संगीताला घालणार आहात त्या चपला बरोबर न्या, खालची लांबी त्यांच्यावरच मोजायची. आणि खालून कापलेलं कापड त्याच्याकडे सोडून येऊ नका. त्याची छान बटवी होते, शालीच्या पिना आणि ती दोन रबरं ठेवायला.